सही कुणाची, औषध कुणासाठी?

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंबरोबर एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. काकांना अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झालेले. उजवा हात-पाय लुळा, बोलणं अडखळत. तिथल्या एका तरुण मुलीनं काकूंच्या मुलापुढे चौदा पानांचा फॉर्म ठेवला. रुग्णालयात एक अभ्यास होणार आहे, घरच्या माणसाला व्यायाम शिकवायचे, त्यानं ते रुग्णाकडून घरी रोज दोनदा करून घ्यायचे, सहा महिन्यांनी काय फरक पडतो ते बघायचं, असं तिनं सांगितलं. काकू पुढे सरकल्या तर मुलगा म्हणाला, ''आई, तू बस, मी बघतो.'' त्यानं पानं उलटली, दोन ठिकाणी सही केली, काकांचा अंगठा घेतला. झालं!

मुलगा सकाळी आठला कंपनीच्या बसनं जातो तो रात्री आठला येतो. सून बँकेत. मग रोज दोनदा काकांना उठवणार कोण, त्यांचा पाय धरून वर-खाली करणार कोण? त्रेसष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीनं हैराण असलेल्या काकूच की! आणि चौदा पानांत त्यांचं नाव कुठे? 'काळजी घेणारी व्यक्ती' एवढ्या तीन शब्दांत.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. कारण असे अभ्यास आता आपल्या दारापर्यंत यायला लागले आहेत. भारतातच तयार झालेल्या डेंग्यूच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. १८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतली १९ केंद्रं, दहा हजारांहून जास्त निरोगी माणसं, आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष. नवं औषध माणसाला पहिल्यांदा देऊन बघायचं, त्या पहिल्या टप्प्यासाठी आयसीएमआरनं देशात चार केंद्रं ठरवली, त्यातली दोन आपल्याकडची आहेत. मुंबईचं केईएम आणि खारघरचं टाटाचं ॲक्ट्रेक. रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती, झिकाची लस अशी कामं या केंद्रांच्या जाळ्यातून पुढे न्यायची ठरली आहेत. अर्धांगानंतरच्या पुनर्वसनात आयुर्वेदाचा कितपत उपयोग होतो, याचाही अभ्यास देशातल्या स्ट्रोक संशोधन केंद्रांनी हाती घेतला होता. थोडक्यात काय, आज ना उद्या आपल्यापैकी कुणापुढे तरी असा फॉर्म येणारच आहे. तेव्हा आपण खुर्चीत बसून असणार की टेबलापाशी, हा प्रश्न आहे.

आता कुणी म्हणेल, यात बायकांचं वेगळं काय? चाचणी ती चाचणी. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

ॲस्पिरिनचंच घ्या. दिवसाआड एक ॲस्पिरिन घेतली तर हृदयविकाराचा पहिला झटका टळतो, हे अमेरिकेतल्या ज्या गाजलेल्या अभ्यासातून १९८९ मध्ये पक्कं झालं, त्यात २२,०७१ डॉक्टर होते. सगळेच्या सगळे पुरुष! बायकांनाही ते लागू असणार असं गृहीत धरून जग पुढे चाललं. मग जवळजवळ चाळीस हजार स्त्रियांवर दहा वर्षं अभ्यास झाला आणि २००५ मध्ये निकाल आला, तो उलटाच. पहिला हृदयविकाराचा झटका टाळण्यात ॲस्पिरिनचा स्त्रियांना एकंदरीत फायदा दिसला नाही. पक्षाघाताचं प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे पुरुषांचं हृदय वाचवणारी गोळी बायकांच्या मेंदूला जास्त उपयोगी पडली. विचारलंच नसतं तर कळलं कसं असतं?

झोल्पिडेम ही झोपेची गोळी. अमेरिकेत १९९२ पासून विकली जात होती, बायका-पुरुषांना एकाच मात्रेत. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवायला बसावं तरी रक्तात शिल्लक असते, म्हणून त्यांची मात्रा निम्मी करा, हे तिथल्या औषध प्रशासनानं सांगितलं २०१३ मध्ये. एकवीस वर्षांनी!

बायकांना वगळण्यामागे कारण नव्हतं असं नाही. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीसाठी दिलं गेलं आणि हात-पाय नीट न वाढलेली हजारो बाळं जन्माला आली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्या धसक्यानं १९७७ मध्ये अमेरिकेनं मूल होऊ शकेल अशा वयाच्या सगळ्याच बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायची सूचना काढली. लग्न न झालेली, मूल नको असलेली, ऑपरेशन झालेल्या नवऱ्याची बायको, सगळ्या बाहेर. ही सूचना १९९३ मध्ये मागे घेतली गेली. पण गंमत बघा, थॅलिडोमाइडचा धडा खरा काय होता? ते औषध गरोदरपणात आधी नीट तपासलंच नव्हतं, हा! आपण धडा घेतला तो 'तपासूच नका' असा. त्याचा परिणाम कोविडमध्ये आपण भोगला. लशींच्या मुख्य चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या, म्हणून लस आली तरी त्यांना द्यावी की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगेना. आपल्या सरकारनं त्यांना लस घ्यायला परवानगी दिली २ जुलै २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरल्यावर. आणि लस घेतल्यावर पाळी पुढे-मागे होतेय असं जगभरच्या बायका सांगू लागल्या तेव्हा लक्षात आलं की, चाचण्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नंतर अभ्यास झाले. फरक सरासरी एक दिवसापेक्षाही कमी आणि तात्पुरता निघाला. एवढंच सांगायला आधीपासून कुणाकडे तरी उत्तर असतं, तर किती अफवा वाचल्या असत्या!

हे झालं वगळण्याचं. आपल्याकडे दुसरं टोकही आहे, आणि ते जास्त बोचरं आहे. जिथे मूल न होण्याचा प्रश्न येतो तिथे बायका चाचणीला चटकन सापडतात. १९८५ मध्ये आंध्रातल्या पटनचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी चालू होती, बायकांना धड माहितीच दिलेली नव्हती. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं तिथे धडक मारली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. क्विनाक्राइन हे हिवतापाचं औषध गर्भाशयात ठेवून बायकांची कायमची नसबंदी केली जात होती. न्यायालयात याचिका झाली, १९९८ मध्ये तो प्रकार बंद झाला. त्या लढ्यांमध्ये मुंबई-पुण्याच्या कितीतरी जणी होत्या. आज वाचणाऱ्यांपैकी काहींना ते मोर्चे आठवतही असतील.

(जाता जाता एक. पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्यानं झालेली चाचणी २०११ मध्ये मध्येच थांबवली गेली. मन उदास होणं, मुरुमं, दुखणं अशा तक्रारींवरून. गोळी घेणाऱ्या बायका गेली साठ वर्षं याच तक्रारी सांगताहेत. आणि हो, त्या चाचणीतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुषांची इंजेक्शन पुढेही घ्यायची तयारी होती! तेव्हा दोष त्यांना देऊ नये.)

मग खम्मम. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये बऱ्याचशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या मुली. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला. चौकशी समितीनं मृत्यूंचा संबंध लशीशी नाही असं सांगितलं, ते मान्य करू. पण संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात जे नोंदवलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो. तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर नुसते अंगठे होते आणि २,७६३ वर सह्या होत्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या. आईची नाही, बापाची नाही, वॉर्डनची!

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. त्याच सुमारास एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतील की तीन हवेत, याचा एक वेगळा अभ्यास देशात चालला होता. त्यात आपली बार्शीही होती, पुणेही होतं. खम्मममुळे लशीचे सगळेच अभ्यास थांबले आणि चार हजारांवर मुलींना एकच डोस मिळून पुढचे राहिले. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. २०२१ मध्ये कळलं की एका डोसचंही संरक्षण जवळजवळ तेवढंच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस चालेल असं म्हटलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. आज त्या पंचविशी-तिशीत असतील. जगभरातल्या मुलींची एकेक-दोनदोन इंजेक्शनं आपल्यामुळे वाचली, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

म्हणून 'आम्हाला गिनीपिग करतात' एवढं ओरडून भागत नाही. संशोधन नको असं कुठल्याही शहाण्या बाईला म्हणता येणार नाही. पण कुणाच्या जिवावर, कुणाला विचारून, हे विचारायलाच हवं. ते सगळ्यात तीव्रपणे समोर येतं ते आपल्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवमध्ये.

१९९९ च्या अखेरीपासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं, टाटा रुग्णालयानं आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मिळून तिथल्या ५२ गावसमूहांत एक प्रचंड अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथा गट तुलनेचा. त्यांना आजाराची, तपासणी कुठे होते त्याची माहिती दिली, पण दारी जाऊन तपासणी केली नाही. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ हजार बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले होते. तुलनेच्या गटात ३१ हजारांत ६४.

आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीनं मृत्यू निम्मे होतात, हे जगाला मराठवाड्यातल्या या बायकांनी दाखवून दिलं. ही फार मोठी गोष्ट आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं याच काळात दीड लाख बायकांवर असाच अभ्यास केला. दहावी-बारावी झालेल्या मुलींना शिकवून व्हिनेगरची तपासणी करवली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ते चौसष्ट? तपासणीचा उपयोग होतो हे पाश्चात्त्य देशांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं, मग एका गटाला तपासणीविना का ठेवलं, असा आक्षेप अमेरिकेतल्याच एका डॉक्टरनं घेतला आणि त्यावर बराच वाद झाला. संशोधकांचं उत्तर होतं की, भारतात नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नसणंच आहे, आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही.

मला प्रामाणिकपणे सांगायचं तर हे उत्तर खोटं वाटत नाही, आणि पटतही नाही. नसणं हीच व्यवस्था असेल तर गरीब देशातल्या बाईवर काहीही करून बघता येईल! पण त्यांच्यावर बोट दाखवताना उरलेली चार बोटं आपल्याकडे वळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी एकदा झालेल्या बायका देशात किती निघाल्या? १.९ टक्के. उस्मानाबादच्या निकालानंतर दहा-बारा वर्षांनी! चौसष्ट जणींच्या मृत्यूतून मिळालेलं उत्तर कपाटात पडून राहिलं, हा अपराध संशोधकांचा की आपला?

याच्या उलट उदाहरण बेळगावचं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा आपल्याकडे बाळंतिणींच्या मृत्यूचं मोठं कारण. त्यावरचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, खेड्यातल्या उपकेंद्रात ते कुठून असणार? तेव्हा मिसोप्रोस्टॉलची साधी गोळी चालेल का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींवर नर्सबाईंच्या हातून तपासलं गेलं. निकाल आला २००६ मध्ये. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर. त्यासाठी रक्त मोजायला कमरेखाली पसरायचं, खाली खुणा असलेली पिशवी जोडलेलं एक साधं प्लास्टिकचं कापड वापरलं होतं. तोवर रक्त किती गेलं हे अंदाजानं सांगायचे, आणि अंदाज नेहमी कमीच! तशाच खुणांच्या पिशवीचा आधार घेऊन आफ्रिकेतल्या चार देशांत पुढे मोठा अभ्यास झाला, आणि रक्तस्राव लवकर ओळखून लगेच सगळे उपाय एकदम केले तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटतात, हे २०२३ मध्ये सिद्ध झालं. इथेही अर्ध्या बायकांना खोटी गोळी मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. पण प्रश्न तिथल्या नर्सबाईंच्या रोजच्या अडचणीतून आला होता आणि उत्तर त्याच उपकेंद्रात वापरता येण्यासारखं होतं.

आता पुन्हा काकूंकडे. त्यांच्यापुढे आलेल्या अभ्यासासारखाच एक अभ्यास भारतात आधी होऊन गेलाय. त्याचं नाव 'अटेंड'. १४ केंद्रं, पक्षाघाताचे १,२५० रुग्ण. फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरच्या माणसालाच शिकवू, अशी कल्पना. सेवा करायला तयार असलेलं घरातलं एक माणूस असणं, ही भाग घेण्याची अटच होती. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत ४७ टक्केच. म्हणजे घरच्यांना शिकवून काही फरक पडला नाही.

हा निकाल मी दोनदा वाचला. फरक पडला नाही, हे कळणंही महत्त्वाचंच, नाहीतर सरकारनं उद्या 'घरीच करा' म्हणून हात झटकले असते. पण या सगळ्यामागचं गृहीत बघा. फिजिओथेरपिस्टला पगार द्यावा लागतो, घरचं माणूस फुकट. आणि आपल्याकडे घरचं माणूस म्हणजे बायको, नाहीतर सून, नाहीतर माहेरी आलेली मुलगी. औषधाच्या चाचणीत गोळीची किंमत मोजतात. इथे 'औषध' म्हणजे बाईचे हात, तिची पाठ, तिची दुपारची झोप. ते कोणत्या रकान्यात मांडायचं? आता पुनर्वसनाचे नवे अभ्यास आखले जातील तेव्हा सेवा करणाऱ्या बाईची तब्येत हाही मोजायचा एक निकाल असायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नियम आपल्या बाजूनं आहेत, हेही सांगायला हवं. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांनुसार माहितीपत्रक आपल्याला कळेल त्या भाषेत मिळालंच पाहिजे, सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला दिलीच पाहिजे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, त्यानं नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि मृत्यू झाला तर आठ लाखांचा पाया धरून, वय आणि आजाराच्या गांभीर्यानुसार भरपाईचा हिशेब होतो. मात्र हा हिशेब औषधांच्या चाचण्यांचा. व्यायामासारख्या अभ्यासात आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर बोट ठेवावं लागतं. नीतिमत्ता समितीत किमान सात जण हवेत, त्यात एक स्त्री आणि एक सर्वसामान्य माणूस असायलाच हवा. 'या अभ्यासाला कोणत्या समितीनं मान्यता दिली?' हा प्रश्न नुसता विचारला तरी समोरचा सावरून बसतो, अनुभव घेऊन बघा.

शिवाय २००७ पासून आपल्या देशाची चाचण्यांची नोंदवही आहे, सीटीआरआय. पहिला माणूस घेण्याआधीच चाचणीची नोंद तिथे व्हावी, हे २०१८ पासून बंधनकारक आहे. ती कुणालाही फुकट बघता येते. आजार लिहा, शहर लिहा. कोण करतंय, पैसा कुणाचा, कुणाला घेणार, कुणाला वगळणार, सगळं दिसतं. भाषा इंग्रजी, हा मोठाच अडसर आहे. घरातल्या कॉलेजकन्येला बसवावं. तिनं 'वगळणार' या रकान्याखाली 'गरोदर आणि स्तनदा' हे शब्द किती वेळा येतात ते मोजावं, तिचंही शिक्षण होईल.

एका गोष्टीवर मात्र माझा आयसीएमआरशी मतभेद आहे. त्यांची तत्त्वं म्हणतात की बाईला संशोधनात भाग घेण्याचा समान हक्क आहे. त्याच दमात सांगतात की, ती गरजेनुसार नवऱ्याचा, घरच्यांचा सल्ला घेऊ शकते आणि संशोधकानं स्थानिक चालीरीती पाळून घरातला सलोखा बिघडणार नाही असं बघावं. सल्ला घ्यायला कुणाची ना नाही. पण घरातला सलोखा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको! नवऱ्याच्या चाचणीत बायकोचा सल्ला घ्यावा, असं वाक्य शोधून मला सापडलं नाही.

काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ''मला फॉर्म वाचून दाखव.'' तीन दुपारी बसून आम्ही तो वाचला. पुढच्या खेपेला त्या त्या मुलीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, ''बाळ, यांना उचलताना माझी कंबर धरली तर तुमच्यात कोण बघणार?'' ती गोंधळली. पानं मागे-पुढे केली. मग म्हणाली, ''काकू, तसं यात काही दिलेलं नाहीये. मी सरांना विचारते.''

''विचार,'' काकू म्हणाल्या, ''आणि जे सांगतील ते लिहून दे. तोवर हा कागद माझ्याकडेच राहू दे.'' आणि चौदा पानं घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली.